खानापूरला (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) राहते, गर्भपिशवी काढली आहे. जाऊ आमचं बाळ तिच्या पोटात वाढवायला तयार आहे. कोल्हापुरात केलं तर नियम वेगळे का?

नाही ताई. सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात बाळ वाढवण्याचा, 2021 चा कायदा केंद्राचा. बेळगावात तोच, कोल्हापुरातही तोच. पिशवीच नाही म्हटल्यावर वैद्यकीय कारण भक्कम आहे, पण जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला लागतोच. जाऊबाई विवाहित, स्वतःचं मूल असलेल्या, 25 ते 35 वयाच्या हव्यात. त्यांचं स्त्रीबीज वापरता येत नाही, त्यामुळे भावकीत 'मूल नक्की कुणाचं?' अशी कुजबुज झालीच तर खुशाल दुर्लक्ष करा. मोबदला द्यायचा नाही, अगदी सोन्याच्या रूपातही नको. दवाखान्याचा खर्च आणि त्यांचा 36 महिन्यांचा विमा मात्र तुमच्याकडे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आदेश आधीच घ्यायचा. पुढे बाळाच्या जन्माच्या कागदांना तोच लागतो.