रजा आहे, पण मागायची कशी?

"रजेची सोय कागदावर आहे, पण ती घेतली तर माझे कामात लक्ष नाही, असे वरिष्ठांना वाटेल का?" हा प्रश्न नोकरदार आईवडील मला वारंवार विचारतात. अलीकडे तो एका वडिलांनी विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मूल दहा महिन्यांचे होते, प्रसूती रजा संपवून पत्नी कामावर रुजू झाली होती आणि मूल आजारी पडले की दर वेळी तिचीच रजा खर्ची पडत होती. या वडिलांच्या कार्यालयात पालकत्व रजा आणि लवचिक वेळा या दोन्ही सोयी होत्या. परंतु आजवर एकाही पुरुषाने त्या मागितल्या नव्हत्या.

त्यांची भीती मी खोडून काढली नाही, कारण ती निराधार नसते. स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्व रजा आई आणि वडील दोघांसाठी खुली केली, तरी पुढे अनेक वर्षे ती मुख्यतः मातांनीच घेतली, कारण वडिलांना आपला वाटा पत्नीच्या नावे करता येत असे. नॉर्वेने १९९३ मध्ये ४ आठवडे वडिलांसाठीच राखून ठेवले, ते न घेतल्यास वाया जातील असा नियम केला, आणि काही वर्षांतच बहुसंख्य वडील रजा घेऊ लागले. त्यांच्या मनातली माया तर आधीही होतीच. उतरले ते रजा मागण्याचे ओझे.

कार्यालयाचा नियम बदलणे माझ्या हाती नव्हते. म्हणून मी दोघांना दोन आठवडे एक नोंद ठेवायला सांगितली: मुलासाठी काम सोडून कोण, केव्हा निघाले. तो कागद समोर ठेवला तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. अकरापैकी दहा नोंदी पत्नीच्या होत्या.

त्यानंतर आम्ही अर्ज लिहायला घेतला. "कधी लवकर निघालो तर चालेल का?" असे ते पूर्वी तोंडी विचारत, आणि उत्तर वरिष्ठांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरे. आता अर्जात नियमाचे कलम, मंगळवार व गुरुवारी आठ ते चार ही वेळ, चारनंतरचे तातडीचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याची संमती, तीन महिन्यांची मुदत आणि आढाव्याची तारीख, असे सारे स्पष्ट लिहिले.

मंगळवार मंजूर झाला. गुरुवारी सायंकाळी विभागाची बैठक असते, म्हणून त्या दिवशी अजून पत्नीच लवकर निघते. ती बैठक सकाळी घ्यावी, असा दुसरा अर्ज त्यांनी मागच्या आठवड्यात दिला आहे.