राज्यशास्त्रात पीएच.डी.: प्रवेशाआधी प्रश्न शोधा

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातील असून राज्यशास्त्रात ६१ टक्के गुण मिळवून एम.ए. झाले आहे. वय २४ आहे. ‘महाराष्ट्रातील महिलांचा राजकीय सहभाग’ या विषयावर पीएच.डी. करण्याची माझी इच्छा आहे. घरी कोरडवाहू शेती आहे आणि पीएच.डी. झाल्यावर प्राध्यापकाची नोकरी मिळेल का, असे वडील विचारतात. मी काय करावे?

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. त्यातच आपल्या राज्यात पात्रता असूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे अनेक जण आहेत. केवळ नोकरीसाठी पीएच.डी. करणार असाल, तर करू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

संशोधनाची खरोखर ओढ असेल, तर मात्र नेटचा अभ्यास आजच सुरू करा. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. तिची वयोमर्यादा ३० असली, तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. त्यामुळे घाईचे कारण नाही. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांपैकी तुमच्या प्रवर्गाला कोणती लागू होते, तेही पाहा. पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे दिलेली असतात. एवढ्या काळाचा भार कोरडवाहू शेतीवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

आता विषयाबद्दल. तुम्ही लिहिले आहे ते क्षेत्र झाले, संशोधनाचा प्रश्न नव्हे. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधून पाहिलेत, तर अशा व्यापक शीर्षकांचे प्रबंध तुम्हाला भरपूर सापडतील. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यापर्यंत नेल्या, हे आता सर्वांना ठाऊक आहे. खुर्ची मिळाल्यावर निर्णय कोण घेते, हे मात्र प्रत्येक गावात जाऊनच तपासावे लागते.

आपल्या कायद्यानुसार नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. एका ग्रामपंचायतीत मी तिचे इतिवृत्त चाळले होते. हजेरीच्या पानावर चाळीसेक सह्या एकाच शाईत आणि जवळजवळ एकाच वळणाच्या होत्या. खाली ठराव एकच, हातपंप दुरुस्तीचा. पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्या हातपंपाचा उल्लेखही नव्हता. महिला सभेतील मागण्या ग्रामसभेच्या ठरावापर्यंत पोहोचतात का आणि सरपंच महिला असताना त्यात फरक पडतो का, हा तुमच्या तालुक्यातील दहा-बारा गावांपुरता प्रश्न सहा वर्षांच्या कष्टाला पुरून उरेल. तुम्ही त्याच भागातील असल्यामुळे बायका तुमच्याशी मोकळेपणाने बोलतील, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

मार्गदर्शक निवडताना स्थानिक शासनावर प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती शोधा आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटून, लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळते, ते विचारा. प्राध्यापकांकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकांकडे सहा आणि सहायक प्राध्यापकांकडे चारच संशोधक असू शकतात, म्हणून जागा रिकामी आहे का, याची खात्री आधी करा.

येत्या महिन्यात तीन ग्रामपंचायतींची मागील दोन वर्षांची इतिवृत्ते पाहून या. जे आढळेल ते दोन पानांत लिहून मला पाठवा. त्यावरून आराखडा कसा बांधायचा, ते आपण ठरवू.