दाराच्या फटीत नोट धरून बघा

प्रश्न : आमची २०११ ची डिझेल हॅचबॅक आहे. इंजिनची तक्रार नाही, पण साठच्या पुढे गेलं की आत एवढा आवाज भरतो की मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ऐकू येत नाही. आमचे हे कानाला मशीन लावतात. तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की ते मशीन काढून खिशात टाकतात! एका दुकानदाराने गाडीला आतून डॅम्पिंग करायचे, म्हणजे पत्र्याला आवाज दाबणारी शीट चिकटवायचे, पस्तीस हजार सांगितले. शेजारी म्हणतात, गच्चीला लावतात ती चंदेरी पट्टी चिकटवा, स्वस्तात भागेल. आणि घरात जुन्या चादरींचा ढीग आहे, त्या मॅटखाली अंथरल्या तर?
– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, पस्तीस हजार तूर्त बँकेतच राहू द्या. मी सीट-कुशनच्या कामातला माणूस, शीट चिकटवणं हे माझंही पोटापाण्याचं काम. तरी सांगतो, टायरचा आवाज दाबायला म्हणून गाडीभर शीट मारून घेणारे पुष्कळ येतात, आणि टायर वाकडे झिजलेले असले की शीट मारूनही तो आवाज राहतोच.

आधी आवाज कुठला ते ठरवा. सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करा. इंजिन चालूच राहू द्या, किल्लीला हात लावू नका. इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. आवाज पडला तर तो इंजिनचा. मग इंजिन ज्यांवर बसतं ती माउंटिंगची रबरं बघून घ्या, एवढ्या वर्षांत ती चिरतात. आवाज तसाच राहिला आणि रस्ता बदलला की बदलला, तर टायर. टायरवरून दोन्ही दिशांनी हात फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून बोटांना दाते लागले, तर अलाइनमेंट आणि नवे टायर याला पर्याय नाही. वळणावर घूंऽऽ आवाज कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. ते मात्र लांबवू नका. तुमच्या गाडीच्या रजिस्ट्रेशनला पंधरा वर्षं होतात, रिपासिंगसाठी हे सगळं तसंही बघावं लागणारच.

मग वारा. दाराच्या बीडिंगवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, दहाची नोट ठेवून दार लावा आणि नोट ओढा. अडकली तर ठीक. सुळकन निघून आली तर वारा आणि आवाज दोन्ही तिथून आत येतात. प्रत्येक दाराला तीन-चार जागी बघा, वरच्या कोपऱ्यात तर नक्कीच. आपल्या उन्हात रबर कडक होऊन बसतं. बीडिंग बदलणं हे शीटपेक्षा पुष्कळ स्वस्त काम.

एवढं करूनही आवाज राहिला तर शीट. पण शीट काय करते ते समजून घ्या. वाजत्या पितळी ताटावर हात ठेवला की ते गप्प होतं, तसं ती पत्र्याचं थरथरणं थांबवते. बाहेरचा आवाज अडवणं हे तिचं काम नाही, त्याला वजनदार थर लागतो. म्हणून इंचन् इंच झाकायची गरज नसते. दाराच्या बाहेरच्या पत्र्याचा मधला एक तृतीयांश ते अर्धा भाग पुरतो. बोटाच्या पेराने टकटक करून बघा. आधी टणटण वाजणारा पत्रा शीट बसल्यावर ठप्प वाजतो.

शीट ब्यूटाइल रबराची घ्या, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली, दोन मिलिमीटर जाडीची. एका चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो वजन येतं, म्हणजे गाडीभर मारली तर एक पोतं वाढलं समजा. शेजाऱ्यांची गच्चीची पट्टी दिसायला अशीच, पण ती डांबराची निघू शकते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा पत्रा भाजतो, डांबर मऊ होऊन दाराच्या आत सरकतं आणि काच वर-खाली करणाऱ्या यंत्रात अडकतं. वासाचं तर विचारूच नका. शंका आली तर तुकडा एका पत्र्याला उभा चिकटवून दुपारभर उन्हात ठेवा.

काम सावलीत करून घ्या. पत्रा स्पिरिटने पुसलेला हवा आणि शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरला पाहिजे. दाराच्या तळाची भोकं कुणी बुजवू नयेत. काचेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बुजली की दार आतून गंजतं. ट्रिममागचा (दाराच्या आतल्या आवरणामागचा) प्लॅस्टिकचा पडदा परत नीट चिकटवला का, तेही उभं राहून बघा. कारागीर तो फाडतात आणि तसाच सोडतात.

हॅचबॅकला डिकी वेगळी नसते, म्हणून मागच्या चाकांची कमान आणि स्टेपनीचा खड्डा यांतून आवाज थेट आत येतो. ही कामं दारांच्याही आधी करा. शीटवर फेल्टचा जाड थर द्या.

आता चादरी. कंपन्यांच्या कार्पेटखालचं फेल्टही अनेकदा कापडाच्या चिंध्यांचंच असतं, तेव्हा कल्पना वेडी नाही. डिकीत कमानीवर घडी घालून ठेवा, थोडा फरक पडेल. मॅटखाली मात्र नको. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी पायाशी येतं. सुती चादर ते धरून ठेवते आणि तळाचा पत्रा खाते.

या सगळ्यानंतर गाडी नव्यासारखी शांत होणार नाही, हे आधीच सांगतो. पण मागच्या सीटवरून हाक मारली तर पुढे ऐकू यावी.

प्रश्न : बॉनेटच्या आतली गादी उंदरांनी कुरतडली. तिथे स्पंज लावला तर चालेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. साधा स्पंज पेट घेतो, आणि सुटून गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडला तर गाडी जाईल. ती गादी आवाजाबरोबर उष्णताही अडवते, म्हणून त्याच मॉडेलची आणा आणि तिच्या सगळ्या क्लिपा बसवून घ्या. गादीविना काही दिवस गाडी चालवली तरी बिघडत नाही. आधी वायरिंग तपासा, उंदीर गादीवर थांबत नाही.