ओल्किलुओटोच्या साइटवर येण्याआधी

प्रिय निखिल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात मेट्रोच्या स्थानकांवर सहा वर्षं क्वालिटीचं काम, त्याआधी बोईसरला कारखान्याच्या शेडवर. आता फिनलंडला वापरलेल्या अणुइंधनाच्या साठवणुकीच्या बांधकामावर तपासनिसाची जागा मिळतेय म्हणतोस. एजंट चार लाख मागतोय. मुलगी दोन वर्षांची आहे. आणि आई म्हणतेय, "अणुकचऱ्यात कशाला जातोस?" तू विचारलंयस की काम नेमकं काय असतं, धोका किती, आणि ताई, मी यावं का.

आधी एजंटचं. एक रुपयाही देऊ नकोस. नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं फिनलंडमध्ये बेकायदेशीर आहे. ज्या कंपनीला तू खरोखर हवा आहेस ती तुझ्याशी थेट बोलेल, करार हातात देईल आणि परवान्याचा अर्ज तू स्वतः मिग्रीच्या, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या, संकेतस्थळावर भरशील. एजंटला एवढंच सांग की कंपनीतल्या माणसाशी व्हिडिओवर बोलायचंय. तो टाळायला लागला, तर विषय तिथेच संपव.

आता जागेबद्दल. ओल्किलुओटो हे एउरायोकी गावाच्या हद्दीतलं समुद्रकाठचं बेट. तिथे तीन अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन आपल्या तारापूरच्या एक-दोन नंबरसारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या. तिसरी नवी, 1600 मेगावॅटची, 2023 च्या एप्रिलपासून नियमित वीज देतेय. भट्टीतून काढलेलं इंधन आधी पाण्याच्या खोल टाक्यांत थंड होत राहतं. त्यासाठीची वेगळी इमारत 1987 पासून वापरात आहे, पुढे ती वाढवली. आणि त्याच बेटाच्या पोटात, सुमारे 430 मीटर खाली, ओन्कालो आहे. फिनिशमध्ये ओन्कालो म्हणजे पोकळी. थंड झालेलं इंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात, त्यावर सुमारे 5 सेंटीमीटर जाड तांब्याचं कवच, भोवती बेंटोनाइट माती आणि त्याबाहेर खडक, असं ते कायमचं ठेवायचं. 2004 ला खोदायला सुरुवात झाली, 2015 ला बांधकामाचा परवाना मिळाला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये खऱ्या इंधनाशिवाय पूर्ण साखळीची चाचणी सुरू झाली.

माझे वडील तारापूरला एका ठेकेदाराकडे फिटर होते, म्हणून हा फरक मला पहिल्या दिवसापासून जाणवला. भारतात वापरलेलं इंधन कचरा मानत नाहीत. त्यातून प्लुटोनियम काढून पुढे वापरायचं, हे धोरण. म्हणून आपल्याकडची साठवण ही मधला मुक्काम. फिनलंडने 1994 मध्ये कायदा बदलून ठरवलं की इथला अणुकचरा इथेच ठेवायचा, बाहेर पाठवायचा नाही आणि बाहेरचा आत घ्यायचा नाही. त्याआधी लोव्हिसाच्या, म्हणजे इथल्या दुसऱ्या अणुकेंद्राच्या, भट्ट्यांचं इंधन रशियाला परत जात असे. आता जे जमिनीखाली जाईल ते पुन्हा उघडून बघायचं नाही, या हिशेबाने सगळं बांधतात. तपासनिसाच्या कामाचं सगळं वजन इथून येतं. मेट्रोच्या खांबाला उद्या तडा गेला तर तू शिडी लावून बघू शकतोस. इथे भिंतीपलीकडे इंधन आलं की त्या बाजूला माणूस जाणार नाही, आणि बोगदा मातीने बुजवला की तिथे कुणीच जाणार नाही. जे बघायचं ते आजच बघायचं.

रोजचं काम तुला ओळखीचंच वाटेल: सळईचं अंतर, कव्हर ब्लॉक, एम्बेड प्लेटची जागा, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाडीचं चलान, स्लंप म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, काँक्रीटमधल्या हवेचं प्रमाण, तापमान, ताकद तपासायचे क्यूब, क्युरिंग. हवेचं प्रमाण तुझ्याकडे क्वचित बघत असतील. इथे गोठण-वितळणीमुळे ते बाहेरच्या काँक्रीटला जीव की प्राण. हिवाळ्यात ताजं काँक्रीट गोठू नये म्हणून शटरिंगला उब देतात आणि आत तारा सोडून तापमान नोंदवतात. टाकीच्या कामात स्टेनलेस स्टीलचं अस्तर असतं. त्याचा प्रत्येक वेल्ड आधी डोळ्याने, मग रंगद्रवाने, मग निर्वात पेटी लावून गळतीसाठी तपासतात, आणि वेल्डच्या मागे गळती पकडणारी नाळ असते, ती मोकळी आहे ना हेही बघावं लागतं. एकदा एका नाळेत वेल्डिंगचं स्लॅग सापडलं. बोटाच्या पेराएवढं. ते काढेपर्यंत पुढचं काम थांबलं होतं.

खाली बोगद्यातलं काम मात्र वेगळं आहे. तिथे खडकच बांधकामाचं साहित्य असतो. स्फोट करून खोदताना भिंतीचा किती थर दुखावला, भेगांतून मिनिटाला किती पाणी येतं, कुठल्या जागी इंधनाचा तांब्याचा डबा ठेवण्याचं विवर पाडायचं आणि कुठली जागा सोडून द्यायची, हे भूगर्भवाले ठरवतात आणि आपण नोंदी तपासतो. भेगा बुजवायला नेहमीचं सिमेंट चालत नाही, कारण त्याचा अल्कलीपणा बेंटोनाइटला मारक. म्हणून कमी पीएचचं मिश्रण वापरतात. खाली नेलेल्या सिमेंटचा, स्फोटकांचा, तेलाचासुद्धा हिशेब ठेवतात, कारण जे खाली राहील ते हजारो वर्षं तांब्याच्या शेजारी राहणार आहे. मला या कामातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. आपल्याला कधीच न भेटणाऱ्या लोकांसाठी कुणीतरी तेलाच्या डब्याची नोंद करतंय.

नियामक संस्थेचं नाव स्टुक. आपल्याकडे जशी एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, तशी. प्रत्येक भागाला सुरक्षा वर्ग असतो, आणि वर्ग जितका वरचा तितकी स्टुकची नजर जवळची. आधी आराखडा आणि कामाची पद्धत मंजूर, मग बांधकामाची तपासणी, शेवटी वापरात आणण्याआधीची तपासणी. कागद मंजूर झाल्याशिवाय गाडी गेटच्या आत येत नाही. त्यांचे निरीक्षक ओल्किलुओटोलाच बसतात आणि न सांगता तुझ्या शेजारी येऊन उभे राहतात. पहिल्यांदा माझे हात थरथरले होते. पण ते चूक पकडायला आलेले नसतात, तुला काय दिसतंय ते विचारायला आलेले असतात, हे समजल्यावर मला त्यांचा आधारच वाटू लागला.

तिसऱ्या भट्टीची गोष्ट तुला वाचायला सांगेन. 2005 मध्ये काम सुरू झालं आणि पायाच्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पाणी-सिमेंटचं प्रमाण ठरल्यापेक्षा जास्त निघालं. स्टुकने चौकशी करून 2006 मध्ये अहवाल काढला. त्यातला मुद्दा फक्त मिश्रणाचा नव्हता. काम करणाऱ्या उपठेकेदारांना अणुप्रकल्पाची अपेक्षाच नीट समजावलेली नव्हती, आणि साइटवर ज्यांना गडबड दिसत होती त्यांच्याकडून वरपर्यंत बातमी पोचत नव्हती. इथे नोकरीच्या मुलाखतीत तुला असाच प्रश्न येईल: शेवटचं काम तू केव्हा थांबवलंस? उत्तर तयार नको, खरं हवं.

माझं खरं उत्तर सांगते. कुठली साइट, कुठली कंपनी ते राहू दे. पहिलाच हिवाळा, शुक्रवारची दुपार, उणे बारा, किरणरोधक जाड भिंतीचा पोअर, म्हणजे काँक्रीट ओतायचं, आणि काँक्रीटच्या आठ गाड्या निघालेल्या. ओतायला परवानगी देणाऱ्या पोअर कार्डावर सही माझी. पाइपसाठी सोडलेल्या स्लीव्हखाली सळई इतकी दाट होती की काँक्रीट नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जाईल असं वाटेना. बारीक सुई साइटवर नव्हती. फोरमन माझ्याकडे बघत होता, गाड्या येत होत्या, आणि मी नवी, परदेशी, त्यातून बाई. मनात म्हटलं, होऊन जाईल. सही केली.

दोन रात्री झोप लागली नाही. सोमवारी सकाळी मी स्वतः पोइक्केअमा लिहिला. पोइक्केअमा म्हणजे नियमापासून हटल्याची नोंद. आपला नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट, एनसीआर. त्यात लिहिलं की सुई जाईल याची खात्री न करता मी सही केली. अल्ट्रासोनिकने बघितलं, मग कोअर काढला, आणि स्लीव्हखाली तळहाताएवढा हनीकोंब, म्हणजे काँक्रीट न भरलेला पोकळ भाग, निघाला. साध्या इमारतीत ती फक्त दुरुस्ती. किरणं अडवणाऱ्या भिंतीत ती खिडकी. दुरुस्तीची पद्धत लिहून मंजूर करून घेणं, फोडणं, भरणं, पुन्हा तपासणं, यात पाच आठवडे गेले. साइट मॅनेजरने मला दोनच प्रश्न विचारले: काय दिसलं होतं आणि कधी दिसलं होतं. माझी नोकरी गेली नाही. पण त्या शुक्रवारी मी "थांबा" म्हटलं असतं तर एक संध्याकाळ गेली असती. अजूनही बारीक सुई कुठे ठेवलीये हे मी गाडी येण्याआधी बघून येते.

तुझ्या अनुभवाच्या दाखल्यात दिसणार नाही ते हेच. आपल्याकडे साहेबासमोर, क्लायंटसमोर, मोठ्या माणसासमोर गप्प बसायची सवय आपल्या अंगात भिनलेली असते, आणि "ॲडजस्ट करून घे" हे आपण चांगुलपणानेच शिकलेलो असतो. इथे पंचवीस वर्षांच्या पोरीने साठीच्या माणसाचं काम थांबवलं तर तो हातातली हत्यारं खाली ठेवतो आणि विचारतो, काय झालं? तुला हे जमेल का, याचं उत्तर पुण्यातच मिळेल. पुढच्या महिन्यात एक पोअर कारण असताना थांबवून बघ. तुला कसं वाटतं ते मला कळव. तुझ्या फिनिश भाषेपेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे.

आईला सांग की ज्या भागाचं बांधकाम चालू असतं त्या भागात वापरलेलं इंधन नसतं. खाली बोगद्यात रेडॉन वायू असतो, म्हणून हवा खेळती ठेवतात आणि मोजतात. गंमत वाटेल, पण फिनलंडमध्ये माणसाला मिळणाऱ्या वर्षाच्या सरासरी सुमारे 6 मिलिसिव्हर्ट किरणांपैकी मोठा वाटा घरातल्या रेडॉनचाच असतो, कारण जमीन ग्रॅनाइटची. तळमजल्यावर घर घेतलंस तर रेडॉन मोजलाय का, हे घरमालकाला पहिल्याच भेटीत विचार. साइटवरचा खरा धोका तुला माहीत असलेलाच आहे: बर्फावर पाय घसरणं, वरून पडणारी वस्तू, रात्रपाळीनंतर गाडी चालवणं.

कागदपत्रांना वेळ लागतो. अणुप्रकल्पाच्या साइटसाठी सुपो, म्हणजे इथली सुरक्षा पोलिस संस्था, पार्श्वभूमी तपासते. त्याशिवाय टॅक्स नंबर हवा, तो फोटोसकट ओळखपत्रावर असल्याशिवाय फिनलंडच्या कुठल्याही बांधकामावर पाय ठेवता येत नाही, आणि कामाच्या सुरक्षेच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाचं कार्ड हवं. गेल्या पाच वर्षांत कुठे राहिलास, कुठे काम केलंस ते तारखांसकट लिहून ठेव. मध्ये रिकामे गेलेले महिने लपवू नकोस.

करारात बघ की तू कायम नोकरीत आहेस की एका प्रकल्पापुरता, आणि मधल्या पुरवठादार कंपनीचा आहेस का. प्रकल्प संपला की परवान्यावर ताण येतो, आणि नियम अलीकडे कडक होत चाललेत. नागरिकत्वासाठीची राहण्याची मुदतच ऑक्टोबर 2024 पासून पाचाची आठ वर्षं झाली. पण हे काम लवकर आटपणारं नाही. ओन्कालोत नवे बोगदे जवळजवळ शंभर वर्षं खोदत राहायचेत. लोव्हिसाच्या भट्ट्यांना 2050 पर्यंतचा परवाना मिळालाय. शेजारी स्वीडनने फॉर्समार्कला असंच भांडार बांधायला जानेवारी 2025 मध्ये सुरुवात केली. इथे शिकलेलं तिथे चालतं.

बाकी संसाराचं. जवळच्या रौमा गावात राहा, साइटवर जायला सोपं. जुनं लाकडी गाव सुंदर आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेपाच-सहा तासांचा, त्याची तयारी मनाने कर. मुलीला पाळणाघर नगरपालिकेचं, फी उत्पन्नावर, आणि ती सहा महिन्यांत तुझ्यापेक्षा चांगलं फिनिश बोलेल. बायकोला कुटुंबाच्या परवान्यावर काम करायची मुभा असते, पण भाषेशिवाय काम मिळणं जड जातं. तू तिच्याबद्दल पत्रात एक ओळही लिहिली नाहीस. ती काय करते, तिला काय करायचंय, हे आधी तिला विचार आणि पुढच्या वेळी तिलाही फोनवर घे.

आलास तर मेमध्ये ये. नोव्हेंबरात पोचलेले बरेच जण पहिल्या अंधारातच परतीचं तिकीट शोधू लागतात. थंडीचे कपडे मुंबईत घेऊ नकोस. आणि तुझ्या जुन्या पोअर कार्डांचे, एनसीआरचे जे फोटो कंपनीच्या परवानगीने दाखवता येतील ते पाठव. तू स्वतः लिहिलेला एखादा एनसीआर असेल तर तो आधी.

तुझी,
ताई