वाचक विचारतात : आपटेच्या हातातली बॅट

प्रश्न : ताई, परवा घरी सगळ्यांनी बसून 'डोंबिवली फास्ट' परत बघितला आणि तेव्हापासून मिस्टरांनी घोषाच लावलाय की त्यातला बॅट घेऊन स्वतःच न्याय करत सुटलेला आपटेच बरोबर होता. काल नौपाड्यात पाण्याची गार बाटली घेतली, दुकानदाराने कुलिंगचे दोन रुपये जास्त मागितले तर हे तिथंच सुरू झाले, माणसं जमली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगा म्हणतो पिक्चर इंग्लिशवरून ढापलाय, एवढं काय मनावर घेता. खरं कुणाचं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी मुलाचं घेते, ते लवकर संपेल. १९९३ चा 'फॉलिंग डाऊन' बघितला असेल तर साम्य लपत नाही हो. लॉस एंजलिसच्या ट्रॅफिकमध्ये मायकल डग्लस गाडी सोडून चालायला लागतो, पुढे कोल्ड्रिंकच्या किमतीवरून दुकान फोडतो, हातात बॅट पण आहे, फक्त बेसबॉलची. पण त्या माणसाची नोकरी गेलेली, बायको सोडून गेलेली, म्हणजे तो आधीच कडेला उभा होता. आपल्या माधव आपटेचं काय गेलंय सांगा? बँकेतली नोकरी आहे, बायको आहे, मुलं आहेत, डोंबिवलीत घर आहे, डबा वेळेवर मिळतो. सगळं जागच्या जागी असलेला माणूस फिरतो, आणि मला तरी तो जास्त भीतीदायक वाटतो. कारण असले आपटे सकाळी लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्धे टेकून, एक पाय पॅसेजमध्ये ठेवून रोज सीएसएमटीला जातात आणि एक शब्द बोलत नाहीत. (मी ठाण्याची, डोंबिवलीहून भरून आलेल्या फास्टमध्ये चढायचा प्रयत्न केलेली, त्यामुळे आपटेबद्दल फार माया आहे असंही नाही, दारात उभं राहून आम्हाला चढू न देणाऱ्यांत तोही असणारच की!)

आता मिस्टरांचं. आपटेचा राग खरा, तो म्हणतो त्यातलं जवळजवळ सगळं खरं, आणि तरी मी त्याला बरोबर म्हणणार नाही. संदीप कुलकर्णींनी तो कसा केलाय ते जरा नीट बघा, बॅट फिरवून झाल्यावर चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नाही, थकवा आहे. दिग्दर्शक निशिकांत कामतांचा हा पहिला पिक्चर, २००५ चा, मराठीसाठीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. त्यांनीच पुढे २०१४ ला 'लय भारी' केला, तिथे हिरो धुतो आणि आपण शिट्ट्या मारतो. इथे सुरुवातीला टाळी वाजवावीशी वाटते, मग बायको शिल्पा तुळसकर, तिचा चेहरा दिसतो आणि हात तिथेच थांबतो. आपटेच्या सगळ्या न्यायाचं बिल घरी तिच्या नावावर फाटतंय. तुम्हाला काल नौपाड्यात जे झालं ना, तेच.

आणि त्या दोन रुपयांचं म्हणाल तर मिस्टरांचंच बरोबर आहे. छापील किमतीवर कुलिंगचे पैसे घेता येत नाहीत, बाटली फ्रीजमधली असो नाहीतर बाहेरची. भांडू नका, बिल मागा, मिळालं नाही तर निदान बाटलीवरच्या एमआरपीचा फोटो काढा आणि १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, किंवा वैधमापन विभागाकडे तक्रार टाका. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पिक्चर त्याच्यावर निघणार नाही. पण फोन मिस्टरांनाच करायला सांगा, तुम्ही नका करू.

प्रश्न : तमिळमध्ये पण हा पिक्चर आहे म्हणतात, बघण्यासारखा आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आहे. 'एवनो ओरुवन', २००७, दिग्दर्शक कामतच आणि आपटेच्या जागी आर. माधवन. चांगला आहे, पण माधवन कितीही साधा शर्ट घालू दे, डब्यात कुणीतरी त्याला सरकून जागा देईलच असं वाटत राहतं. संदीप कुलकर्णींना कुणी देणार नाही. आधी मराठीच बघा, आणि तो आवडला तर त्यांचा 'श्वास' मधला डॉक्टर बघा, २००४ चा, हाच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.