स्कूबा डायव्हिंग एकट्याने करणं खरंच इतकं धोक्याचं आहे का?

हो, आहे. शार्क वगैरे मात्र डोक्यातून काढून टाका. माणसं जातात ती हवा संपल्याने, घाबरून झपकन वर आल्याने, जाळ्यात अडकल्याने, नाहीतर पाण्यातच हृदयविकाराचा झटका आल्याने.

हवेचं गणित बघा. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने साधारण 2400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर धरली तर पाण्याच्या पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. 30 मीटर खोलीवर दाब चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही चौपट लागते, त्यामुळे तीच टाकी अर्ध्या तासात रिकामी. धाप लागली तर त्याहून लवकर. जोडीदार असेल तर त्याचं जादा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) तोंडात धरून दोघं सावकाश वर येता. एकटा माणूस श्वास रोखून वर पळतो, आणि तेच सर्वांत वाईट. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, फुप्फुस फाटतं, बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत पोचू शकतात.

शिवाय 30 मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू लागते. ज्याला चढते त्याला पत्ता नसतो, शेजारच्याला दिसते.

अर्थात जोडीदार नावापुरता नको. वीस मीटर पुढे फोटो काढत बसला असेल तर तुम्ही एकटेच आहात!

एकट्याने डायव्हिंग करायचे कोर्सही असतात, पण ते अनुभवी लोकांसाठी. त्यात मुख्य टाकीपासून स्वतंत्र अशी दुसरी हवा, तिचं वेगळं रेग्युलेटर आणि जाळं कापायचं साधन सोबत ठेवायला शिकवतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.