तापात रक्तातलं लोह कुठे जातं?

पावसाळा लागला की एकाच गोंधळाची पत्रं येऊ लागतात. ताप आला, रक्त तपासलं, लोह कमी निघालं, टॉनिक सुरू केलं. म्हणून या वेळी फक्त लोहाचे आणि त्याच्या भावंडांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला आठवडाभर ताप आहे. रिपोर्टमध्ये सीरम आयर्न (रक्तातलं लोह) कमी, पण फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) जास्त. शेजारच्या ताई म्हणतात रक्त वाढवायचं टॉनिक द्या. देऊ का?

आत्ता नको. हे दोन्ही आकडे तापामुळे बदललेले आहेत. त्यावरून मुलाच्या अंगातल्या लोहाचा हिशेब लागत नाही.

जवळपास सगळ्या जंतूंना वाढायला लोह लागतं, त्यामुळे शरीर ते मोकळं सोडतच नाही. रक्तात ट्रान्सफेरिन हे प्रथिन त्याला धरून ठेवतं, पेशींत फेरिटिन. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. मग आतड्यातून लोह रक्तात येणं थांबतं आणि जुन्या तांबड्या पेशी मोडून निघणारं लोहही आतच अडकतं. तासांच्या हिशेबाने रक्तातलं लोह उतरतं. ते संपलेलं नसतं, कुलपात गेलेलं असतं. जंतूही गप्प बसत नाहीत. ई. कोलाय एंटेरोबॅक्टिन नावाचा रेणू सोडून लोह ओढून नेतो. आपल्या पांढऱ्या पेशी सिडेरोकॅलिन या प्रथिनाने तो रेणूच पकडतात. त्यावर साल्मोनेला रेणूला साखर जोडून ती पकड चुकवतो.

या झटापटीत बाटलीतलं लोह ओतून काय साधणार? हेप्सिडिन चढलेलं असताना ते धड शोषलंही जात नाही. टांझानियातल्या पेम्बा बेटावर हिवतापाचा जोर फार. तिथे लहान मुलांना सरसकट रोज लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला आणि 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेजारणीचा सल्ला मायेचा असेल, पण तो औषध नव्हे. आठवडाभराचा ताप हाच इथला खरा प्रश्न आहे. त्याचं कारण आजच बालरोगतज्ज्ञांकडून शोधून घ्या. लोहाची तपासणी मूल बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करा. तेव्हा कमतरता दिसली तर लोह जरूर द्यायचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

प्रश्न : मग गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या बंद करू?

नाही. ताप आला तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : तापात लोखंडी कढईतली भाजी चालेल का?

चालेल.

प्रश्न : 'लॅक्टोफेरिनयुक्त, प्रतिकारशक्ती वाढवते' अशी महागडी पावडर सहा महिन्यांच्या बाळासाठी घ्यावी का?

लॅक्टोफेरिन खरं आहे. ते लोह घट्ट धरतं आणि चिकात भरपूर असतं. पण डब्यावर त्याचं नाव छापलं म्हणून डब्यातली पावडर आईच्या दुधासारखी होत नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा, आता वरचं अन्नही सुरू करा. पावडरीचे पैसे वाचवा.

प्रश्न : झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्या वर्षभर घेतल्या तर जंतू लागत नाहीत, असा मेसेज आलाय.

खोटा आहे. पांढऱ्या पेशी कॅल्प्रोटेक्टिन सोडून जंतूंपासून जस्त आणि मँगनीज लपवतात, हे खरं. त्यावरून वर्षभर जस्त गिळायचं हे कुठून काढलं? जास्त जस्ताने तांबं कमी होतं आणि त्यातूनच रक्तक्षय होतो. मुलांच्या जुलाबात ओआरएसबरोबर 10 ते 14 दिवस झिंक देतात, तेवढं योग्य आहे.

प्रश्न : मुलीला थॅलेसेमिया आहे. अंगात साठलेलं जास्तीचं लोह काढायला रात्री डेसफेरॉक्सामिन या औषधाचा पंप लावतो. दोन दिवस ताप आणि पोटदुखी आहे. सोमवारी भेटीची वेळ आहे, तोवर थांबू?

थांबू नका. हे औषध मुळात मातीतल्या एका जिवाणूचं लोह गोळा करण्याचं हत्यार आहे. येर्सिनिया हा जंतू आणि म्युकरची बुरशी त्याने पकडलेलं लोह वापरू शकतात. पंप बंद ठेवा आणि मुलीला आजच, आत्ताच रुग्णालयात न्या. पंपाचं औषध कोणतं ते तिथे आधी सांगा. लोह काढणाऱ्या डेफेरिप्रोनच्या गोळ्याही चालू असतील तर त्याही सध्या देऊ नका आणि पांढऱ्या पेशींची मोजणी आजच करून घ्या. त्या गोळ्यांनी या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. पंप पुन्हा केव्हा लावायचा, हे तिचे रक्तविकारतज्ज्ञ सांगतील.